बी द्या, बी घ्या: बियांच्या अदलाबदलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृग जवळ आला की रोज कोणी ना कोणी तेच प्रश्न विचारून राहिलेत, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो. काही उत्तरं लांब झालीत कारण तिथं चुका आम्ही स्वतः केल्यात अन् त्यात चांगले चांगले वाण हातचे गेलेत.

हे नेमकं काय आहे अन् यात कोण येऊ शकते?

वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर या भागातल्या खेड्यांतले आम्ही काही हौशी लोक आहोत. कोणी मास्तर आहे, कोणी आशाताई, कोणी एसटीतून रिटायर झालेले काकाजी, बरेचसे शेतकरीच, पण इथं वावराचं नाही तर सांदवाडीचं बोलणं चालते. घरामागच्या दोनचार वाफ्यात, कुंपणावर, मांडवावर जे हौसेनं लावतो त्याचं बी एकमेकाला देतो, पैसे घ्यायचे नाहीत अन् द्यायचे पण नाहीत. वर्षातून दोनदा भेटतो, एकदा मेच्या शेवटी म्हणजे मृगाच्या आधी अन् एकदा दिवाळी झाल्यावर, बाकी वर्षभर पोस्टानं नाहीतर आठवडी बाजारात ओळखीच्या माणसाच्या हाती पुड्या फिरत राहतात.

माझ्याकडे द्यायला काहीच नाही, रिकाम्या हातानं कसं येऊ?

या. पहिल्या वर्षी तीन पुड्या घेऊन जा, त्यातलं एक जरी नीट लागलं तरी पुढच्या वर्षी त्याचंच बी घेऊन या, झालं. पूर्वी बियाण्यावर सवाई दिढी लागायची, घेतलं त्याच्या सव्वापट नाहीतर दीडपट परत द्या, आम्ही तसा काही हिशेब मोजत नाही.

पण एक सांगू का, "काहीच नाही" म्हणणाऱ्या दहातल्या नऊ जणांकडे काहीतरी असतेच. गोठ्याच्या आड्याला टांगलेली वाळकी दोडक्याची शेंग पाहा, आजीच्या फडक्यातली गाठ सोडा, कुडाला खोचलेली अंबाडीची बोंडं पाहा. एका मावशीनं असंच काही नाही काही नाही म्हणत म्हणत जांभळ्या शेंगांचा वाल काढून दिला होता, त्याची गोष्ट शेवटी येईलच.

दुर्मिळ म्हणजे काय? विदेशी फुलांचं बी आणलं तर चालते का?

चालते, पण आम्ही दुर्मिळ म्हणतो ते वेगळं. जे झाड पंचक्रोशीत दोनतीन घरीच उरलं आहे ते आमच्यासाठी दुर्मिळ, मग ते दिसायला किती का साधं असेना. पांढरी गुंज, दुहेरी पाकळ्यांची गोकर्ण, देशी खाकी कापूस, कुंपणावर आपोआप येणारी चिमुकली भेदरं म्हणजे बारके गावरान टमाटे ज्यांची चटणी पाट्यावरच करावी, गावरान लांब काटेरी वांगं, हे सगळं त्यात आलं. विदेशी झिनिया बाजारात पाकिटात मिळतो, तुमच्या मामेआजीचं वांगं तिच्याच घरी मिळेल, अन् आजी गेल्यावर तिथंही मिळणार नाही.

पुडीवर काय लिहायचं? इतकी कटकट कशाला?

या एका गोष्टीवर आम्ही अजिबात सूट देत नाही. चिठ्ठी नसलेली पुडी आम्ही घेतच नाही, कोणाचीही असो.

काऊन म्हणाल तर ऐका. पहिल्याच वर्षी मी एका ताईंना पुण्याकडे "कोहळं" लिहून बी पाठवलं, आपल्याकडे कोहळं म्हणजे लाल भोपळा, भाजीचं कोहळं, बोंडं तळतात ते. त्यांच्याकडे कोहळा म्हणजे तो पांढरट, पेठा करतात तो. त्यांनी चार महिने मांडव सांभाळला अन् दसऱ्याला फोन आला, भाऊ तुम्ही तर भोपळा पाठवला की हो. चूक पूर्णपणे माझी होती. तसंच आपली लवकी म्हणजे त्यांचा दुधी, आपली बरबटी म्हणजे त्यांची चवळी, आपलं काटवल म्हणजे त्यांचं करटोलं. नाव गावागणिक बदलते म्हणून नावासोबत वर्णन लागतेच.

तर चिठ्ठीवर एवढं हवं: तुमच्या गावचं नाव अन् जमलं तर दुसरीकडचं नाव, झाड वेल आहे का झुडूप, फळाफुलाचा रंग अन् आकार, बी कोणत्या महिन्यात कोणत्या वर्षी काढलं, अन् ते तुमच्याकडे कुठून आलं. "आत्याकडून, राळेगाव तालुका, घरात वीसेक वर्षांपासून" इतकं लिहिलं तरी पुष्कळ झालं. जवळपास तीच भाजी दुसऱ्या जातीची लावली होती का तेही लिहा, लपवू नका, कारण घेणाऱ्याला संकराचा अंदाज येतो. पेन्सिलनं लिहा, बॉलपेनची शाई ओलीनं पसरते, अन् चिठ्ठी पुडीच्या आत टाका, नुसती वर चिकटवली तर निघून पडते.

बाजारातल्या पाकिटातलं झाड मस्त आलं, त्याचं बी देऊ का?

पाकिटावर हायब्रीड किंवा एफ वन लिहिलेलं असेल तर देऊ नका. दोन वेगळ्या जातींचा तो पहिला संकर असतो, त्याच्या बियांतून पुढच्या पिढीत रंग, आकार, चव सगळं विखुरते, एक झाड आजोबावर जाते अन् दुसरं भलतंच निघते. स्वतःच्या घरी हौस म्हणून लावून पाहा, खुशाल लावा, पण दुसऱ्याला देताना ते वाण म्हणून देऊ नका. अन् लाल, हिरवं, निळं रंगवलेलं बी असेल तर ते औषध लावलेलं आहे, हात धुवा, लेकरांच्या हाती देऊ नका अन् उरलं म्हणून शिजवू तर मुळीच नका.

घरच्याच बियांची लवकी लावली, कडू निघाली, असं काऊन झालं?

कुठंतरी जवळ जंगली कडू भोपळ्याचा वेल असेल, तो अन् आपली लवकी एकाच जातकुळीचे, किड्यांनी पराग इकडचा तिकडे नेला. गंमत अशी की त्या वर्षी फळ गोडच लागते, फरक बियांत गेलेला असतो, तो पुढच्या वर्षी ताटात येतो. आधी महत्त्वाचं: कडू लवकी थोडीशीही खायची नाही, रस तर नाहीच नाही, त्यातलं कडू द्रव्य विषारी असते, उलट्या जुलाब होऊन माणूस दवाखान्यात भरती होते. चिरताना एक बारीक तुकडा जिभेवर ठेवून पाहा, कडू लागला तर थुंका अन् अख्खी लवकी फेका, अन् त्या वेलाचं बी कोणालाही देऊ नका.

आता बी शुद्ध कसं ठेवायचं ते. लवकीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलते, म्हणून चारपाचच्या सुमारास वेलाजवळ जा. मादी फुलाच्या मागं बोटाएवढी लवलवीत लवकी आधीच असते, नराच्या मागं नुसता लांब देठ. त्या संध्याकाळी उमलणाऱ्या कळ्या जरा फुगलेल्या, टोकाला पांढऱ्या दिसतात, दोन्हीच्या तोंडाला सुताचा सैल दोरा बांधा म्हणजे किडा आत जाणार नाही. अंधार पडता पडता नराची कळी तोडा, पाकळ्या सोलून काढा, मादीचा दोरा सोडा अन् पिवळा पराग तिच्या मधल्या चिकट भागावर हलक्या हातानं फिरवा, मग पाकळ्या मिटून परत दोरा. देठाला लाल लोकर गुंडाळून ठेवा, नाहीतर घरातलं कोणीतरी तेच फळ भाजीला तोडते, आमच्याकडे दोनदा झालं आहे. लोकरवालं फळ वेलावरच वाळू द्या, साल लाकडासारखी होऊन हलवलं की आत खुळखुळ वाजली पाहिजे.

कोहळ्याचं असंच करायचं, फक्त ते फूल पहाटे उमलते, म्हणून दोरा आदल्या संध्याकाळी बांधायचा अन् काम सकाळी लवकर, ऊन तापायच्या आत. लवकी अन् कोहळं यांचा आपसात संकर होत नाही, ती भीती नको.

मग सगळ्याच भाज्यांना हा दोऱ्याचा उद्योग करावा लागतो का?

नाही. टमाटे, वाल, बरबटी, अंबाडी बरीचशी स्वतःच्याच परागावर भागवतात, दोन जातींत थोडं अंतर ठेवलं की घरगुती कामाला पुरते. वांगं अन् भेंडी मधलीच, कधी होते कधी नाही. मिरची मात्र फसवते, लोक तिला बिनधास्त समजतात पण मधमाश्या तिच्यावर भरपूर येतात, भिवापुरीच्या शेजारी ढोबळी लावली तर पुढच्या वर्षी कोणतीच धड राहत नाही. फुलाआधीच एका फांदीला जुन्या ओढणीची पातळ पिशवी बांधून ठेवा, त्यात धरलेल्या मिरच्या बियांसाठी. मका तर वाऱ्यावर चालतो, आजूबाजूला कोणाचा मका असेल तर आशा सोडा नाहीतर पेरणीची वेळ बदला.

भिवापुरी मिरची अन् वायगावची हळद देता येते का?

देता येते, घेता येते. दोन्हीला भौगोलिक मानांकन आहे म्हणजे त्या नावानं कोणीही कुठलाही माल विकू नये, घरी लावायला बंदी नाही. तुमच्या अंगणातली हळद "वायगाव" म्हणून विकू नका एवढंच, समुद्रपूर तालुक्यातल्या त्या काळ्या मातीचं नाव आहे ते. अन् हळदीचं बी नसते, बेणं असते, ते पुडीत नाही तर पोत्याच्या तुकड्यात द्या, प्लास्टिकमध्ये सडते.

टमाटे, वांगं, काकडी यांचं बी कसं काढायचं?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे खायच्या अवस्थेतलं फळ बियांसाठी घेणं. वांगं झाडावर पिवळं, कडक होऊ द्या, काकडी पिवळी पडून मऊ होऊ द्या, अन् पहिली जोमदार फळं बियांसाठी राखा, सगळं खाऊन झाल्यावर शेवटचं किडकं उरलेलं नाही. टमाट्याचा गर ग्लासात पिळून तसाच ठेवा, हिवाळ्यात दोनतीन दिवस, उन्हाळ्यात एकच, वर पांढरट साय आली अन् आंबूस वास सुटला की पाणी घालून ढवळा. चांगलं बी खाली बसते, पोकळ वर तरंगते ते ओतून द्या. चाळणीत धुवून चिनी मातीच्या बशीत पसरा, कागदावर टाकलं तर चिकटून बसते.

बी कुठं वाळवायचं? उन्हात ना?

सावलीत! आपल्याकडे मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर सहज जातो अन् टिनावर तर त्याहून किती तरी जास्त. मी एकदा मिरचीचं अन् वांग्याचं सगळं बी टिनावर टाकलं, दोन दिवसात खडखडीत वाळलं, पाहायला इतकं सुंदर, अन् पावसाळ्यात एकही उगवलं नाही. तीन घरांनी माझ्या भरवशावर वाफे करून ठेवले होते. तेव्हापासून ओसरीवर, वारा लागेल अशा जागी, सुपात पातळ पसरून आठ दहा दिवस, बस.

वाळलं का ते पाहायला वालाचा एक दाणा दाताखाली धरा, दात रुतला तर ओला आहे, कट्कन फुटला तर झालं. भोपळ्याचं बी वाकलं नाही पाहिजे, मोडलं पाहिजे. जाणकारांचा एक ठोकताळा आहे की बियांतली ओल एक टक्का कमी झाली की त्याचं आयुष्य जवळपास दुप्पट होते, अन् साठवणीची जागा पाचसहा डिग्रीनं थंड असली तरी तसंच. म्हणून आधी नीट वाळवा, मग काचेच्या बाटलीत, मग घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात. फ्रिज असेल तर उत्तम, फक्त बाटली बाहेर काढल्या काढल्या उघडू नका, बाहेरच्या हवेची ओल थंड बियांवर बसते, दोनतीन तास थांबा.

वालात, बरबटीत भुंगे पडतात, काय करू?

भुंग्यांची सुरुवात बहुतेक बाटलीत होत नाही हो, ते शेंगेवरच अंडी घालून ठेवतात अन् घरी आल्यावर बाहेर निघतात. बी पूर्ण वाळलं असेल तर आठवडाभर फ्रिजरमध्ये ठेवा, अंडी अळ्या मरतात. फ्रिजर नसेल तर जुनी पद्धत चांगलीच आहे, चुलीची राख बारीक चाळून, थंड करून, बियांत भरपूर मिसळा, दाणा दिसलाच नाही पाहिजे इतकी. कडुलिंबाचा पाला टाकत असाल तर तो आधी वाळवा, ओला पाला टाकून लोक बुरशी आणतात.

बी उगवतच नाही, खराब दिलं का कोणी?

आधी ते कोणतं बी आहे ते पाहू. गुंज, गोकर्ण, बहावा यांचं कवच इतकं टणक की पाणीच आत शिरत नाही, पॉलिश पेपरवर एका बाजूनं आतला फिका रंग दिसेपर्यंत घासा अन् रात्रभर भिजू घाला, सकाळी फुगलेलं दिसेल. न फुगलेलं परत घासा.

उलट कडुलिंब, मोह, पळस यांचं बी थांबत नाही, ताजं पडलं की लगेच लावायचं. निंबोळी डब्यात जपून पुढच्या वर्षी लावली तर काही हाती लागत नाही. पिवळ्या पळसाचं बी खूप जण मागतात, त्यांना सांगतो की झाड पिवळंच निघेल याची खात्री नाही, आजूबाजूला सगळा केशरी पळस असतो अन् पाखरं दोन्हीकडे जातात. अन् पांढरा पळस कुठं दिसला तर जागा चारचौघांत सांगू नका, गुप्तधनाच्या नादात लोक साल ओरबाडून झाडाचा जीव घेतात.

गावरान वाल उगवला पण शेंगा नाहीत अशी तक्रार असेल तर थोडी वाट पाहा. त्याला फुलायला लहान दिवस अन् मोठी रात्र लागते, जूनमध्ये लावा का जुलैमध्ये, तो दसरा दिवाळीकडेच फुलतो.

बाकी भाज्यांचं बी द्यायच्या आधी तपासून द्या. दहा दाणे ओल्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवा, आठवड्यात सात उगवले तर बरं, चार उगवले तर चिठ्ठीवर तसं लिहा. घटस्थापनेला आपण परडीत धान पेरतो तेव्हा घरची म्हातारी माणसं कोणतं कसं उगवलं ते निरखून पाहतातच की.

काटवलाचं बी मिळेल का?

मिळेल पण मी कंद घ्या म्हणेन. काटवलाचे नर वेल अन् मादी वेल वेगळे, बियांपासून आलेल्यात साधारण निम्मे नर निघतात अन् फूल येईपर्यंत ओळखता येत नाही, शिवाय बी उगवायला फार आळस करते. मादी वेलाचे कंद उन्हाळ्यात मातीत झोपलेले असतात, पहिल्या पावसात कोंब येतो. आठदहा मादीमागं एकदोन नर पाहिजेतच, नुसत्या मादी लावल्या तर फुलं गळून जातात. कंद देताना "मादी" किंवा "नर" असं चिठ्ठीवर लिहायचं, त्यासाठी फुलं असतानाच वेलाच्या बुडाशी खूण करून ठेवा.

विषारी झाडांचं बी देता येते का?

देतो, पण लाल पेन्सिलनं ठळक "विषारी" लिहून, वेगळ्या डब्यात, अन् लहान लेकरं असलेल्या घरी शक्यतो नाही. गुंज, एरंड, चंद्रज्योत, पिवळी कण्हेर, धोत्रा, कळलावी ही सगळी त्यात आली, कळलावीचा तर कंदही विषारी. सोनाराच्या तराजूत आठ गुंजांचा एक मासा अन् बारा माशांचा तोळा व्हायचा, इतकं घरातलं बी असल्यानं लोकांना भीती वाटत नाही, पण चावलेली नाहीतर छिद्र पाडलेली गुंज जीवघेणी आहे. माळा करायला मागत असाल तर देत नाही.

गांजा अन् अफूचं बी, म्हणजे खसखशीचं झाड, शोभेसाठी का असेना, विचारूच नका, परवान्याशिवाय ते झाड लावणं कायद्यानं गुन्हा आहे.

जंगलातून बी आणलं तर?

ताडोबा, मेळघाट, पेंच अशा संरक्षित जंगलातून काहीही उचलायचं नाही. ज्या गावांना वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेत तिथं ग्रामसभेला विचारा, तिथले लोक त्या झाडांवर जगतात. वावराच्या बांधावरचं, रस्त्याकडेचं घेतलं तरी सगळं ओरबाडू नका, पाखरांना अन् जमिनीला ठेवा.

पोस्टानं कसं पाठवायचं?

साध्या पाकिटात बी सैल टाकलं तर डाकघरात शिक्का मारताना ठोक बसतो अन् वालाचा भुगा होऊन पोचतो. जुन्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे घ्या, मधे कागदी पुडी चपटी पसरा, कडा टेपनं बंद करा. मागणाऱ्यानं स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेलं पाकीट आधी पाठवावं, देणाऱ्यावर खर्च पडू नये. पावसाळ्यात पाठवणं टाळाच.

विदेशातून मागवू नका अन् पाठवू नका. बी आयात करायला परवाना अन् रोगमुक्तीचा दाखला लागतो, अन् ते उगाच नाही, गाजर गवत असंच बाहेरून आलं अन् आज आपल्या धुऱ्यांवर काय उभं आहे ते पाहता ना. न मागता विदेशातून बियांचं पाकीट आलं, २०२० मध्ये बऱ्याच देशात तशी आली होती, तर लावू नका, कृषी खात्याला कळवा.

हे सगळं कायद्यात बसते का? कोणी पकडणार तर नाही?

२००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात कलम ३९ आहे, त्यात शेतकऱ्याला स्वतःच्या वावरातलं बी राखायचा, पेरायचा, परत पेरायचा, अदलाबदल करायचा, वाटायचा अन् विकायचा सुद्धा हक्क दिला आहे, फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडचं लेबल लावून विकता येत नाही.

पण चोरबीटी आमच्याकडे आणायचं नाही. तणनाशक सहन करणाऱ्या त्या कपाशीला मंजुरी नाही, अन् एकानं आणलं तर बदनाम सगळे होतात.

देवकापूस अन् खाकी कापूस, बाजूला बीटी असताना शुद्ध राहतो का?

छोटं, खाली लोंबणारं बोंड असलेला देशी कापूस असेल तर बहुतेक राहतो, त्याचा अन् बीटी कपाशीचा सहजी संकर होत नाही, दोघांची गुणसूत्रांची संख्याच वेगळी. मोठ्या बोंडाच्या जातीचं तसं सांगता येत नाही, तिथं फुलाला दोरा बांधाच. मात्र देवकापसाचं झाड वर्षानुवर्षं उभं राहते अन् गुलाबी बोंडअळीला फरदडीसारखाच, म्हणजे हंगाम संपला तरी उभ्या ठेवलेल्या कपाशीसारखाच, आसरा मिळतो, म्हणून किडकी बोंडं वेळेवर वेचून जाळा, शेजारच्याच्या वावराचं नुकसान आपल्या वातींपायी नको.

घेतलेलं बी माझ्याकडून मेलं, वाण गेलं, आता तोंड कसं दाखवू?

फोन करा अन् सांगा. लपवलं तर आम्हाला वाटत राहते की तुमच्याकडे ते आहे, अन् तोच धोका आहे. म्हणून कोणतंही दुर्मिळ बी आम्ही तीन वेगळ्या गावच्या तीन घरी देतो, अन् तरीही स्वतः सगळं एका वर्षी पेरत नाही, मूठभर मागं ठेवतो.

त्या मावशीचा जांभळा वाल आम्ही असाच तीन ठिकाणी दिला होता. माझा पाणी साचून सडला, दुसऱ्या घरचा बकऱ्यांनी खाल्ला, अन् मावशीच्या स्वतःच्या घरी कुंपण पाडून भिंत झाली तेव्हा वेलही गेला. तिसरं घर होतं मारेगावकडच्या एका काकाजींचं, त्यांनी चिठ्ठी सुद्धा जपून ठेवली होती, माझ्याच अक्षरातली, पेन्सिलची. मागच्या दिवाळीनंतर ते पुडी घेऊन आले अन् पहिली ओंजळ मावशीच्या पदरात घातली. यंदा माझ्याकडे त्याच्या अकरा पुड्या आहेत, ज्यांना पाहिजे त्यांनी मेच्या भेटीत या, जुना वेल अजून कोणाच्या कुंपणावर दिसला असेल तर त्याचंही बी आणा.